रानातले पोपट आणि त्यांचे शिकारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोपट सगळ्यांच्या ओळखीचा, पण बहुतेकांची ती ओळख पिंजऱ्यातली असते. त्यामुळे पक्षी बघायला नवखी मंडळी बरोबर आली की पोपटाविषयीचे प्रश्न 'काय खातो' आणि 'बोलतो का' यांच्या पुढे जायला वेळ लागतो. एकदा का डोळ्यांदेखत शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यानं थव्यावर झडप घातली, की मग मात्र प्रश्न संपत नाहीत. शाळांमध्ये, सोसायट्यांमध्ये आणि सकाळच्या भटकंतीत जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. वेगळं नाव घेतलेलं नसेल तिथे 'पोपट' म्हणजे आपला नेहमीचा कंठवाला पोपट, अर्थात राघू, समजावा.

महाराष्ट्रात रानात कोणकोणते पोपट आहेत?

कंठवाला पोपट गावाशहरांत सगळीकडे दिसतो. त्याच्याहून चांगलाच मोठा, खांद्यावर लालसर डाग असलेला तो करण पोपट. बाजारात त्याला 'पहाडी' म्हणतात. जांभळट-लाल डोक्याचा टोई पोपट पानगळीच्या जंगलात आणि रानालगतच्या शेतांत भेटतो. निळसर पंखांचा मलबारी पोपट फक्त पश्चिम घाटातला, जगात दुसरीकडे कुठेही नाही. आणि लटकन पोपट तर चिमणीएवढा, फांदीला उलटा लटकून झोपणारा. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: अंडी घालायला प्रत्येकाला ढोली, म्हणजे झाडाच्या खोडातली किंवा फांदीतली पोकळी, लागते. पुढची बरीच उत्तरं फिरून फिरून याच ढोलीपाशी येतील.

पोपटाला खातं तरी कोण?

उडत्या पोपटाला शिक्रा आणि ससाणे. झोपलेल्या पोपटाला मोठी घुबडं, कधी उदमांजर. ढोलीतल्या अंड्या-पिल्लांना धामण, नाग, घोरपड, शिवाय संधी साधणारे कावळे आणि टकाचोर. गावात मांजर. आणि सगळीकडे, बारा महिने, माणूस.

मोठ्या, धडधाकट पोपटाला पकडणं तसं अवघड काम आहे. बळी जातात ते मुख्यतः नुकती ढोली सोडलेली पिल्लं, आजारी पक्षी आणि अंड्यांवर बसलेल्या माद्या.

शिक्रा तर केवढासा! तो पोपट कसा पकडतो?

शिक्रा आणि पोपट यांच्या वजनात फारसा फरक नसतो, म्हणून हा प्रश्न रास्तच आहे. शिक्र्याचं रोजचं जेवण म्हणजे सरडे, उंदीर, टोळ, लहान पक्षी. पोपट हा त्याच्यासाठी मोठा घास आहे, आणि तो घास तो ताकदीपेक्षा अचानकपणावर मिळवतो.

एक सकाळ माझ्या चांगली लक्षात आहे. कृष्णेच्या काठी एका जुन्या वडावर तीस-चाळीस पोपट फळं कुरतडत होते. खाली वाळक्या पानांवर फळांचे तुकडे टपटप पडत होते. पोपट दिसत नव्हते, पण त्या टपटपीवरून ते कुठल्या फांदीवर आहेत ते कळत होतं. आणि एकाएकी ती टपटप थांबली. किंकाळी नाही, फडफड नाही, नुसती शांतता. दोन-तीन सेकंद गेली असतील. मग सगळं झाड एकदम ओरडलं आणि हिरवा लोट नदीच्या दिशेनं बाहेर पडला. त्याच्या मागून करडा शिक्रा जमिनीलगत सपकन आला, वर चढला, एका पिल्लाच्या शेपटीपर्यंत पोचला आणि रिकाम्या पायांनी पलीकडच्या करंजावर जाऊन बसला. बराच वेळ तो तिथे धापा टाकत होता. त्याचे बहुतेक हल्ले असेच वाया जातात.

शिक्र्याचा डाव दाट झाडांच्या आडोशानं अगदी जवळ यायचा. पोपट मोकळ्यावर निघाला आणि त्यानं वेग घेतला की शिक्रा पाठलाग सोडून देतो.

आणि ससाणा?

ससाण्याचं गणित नेमकं उलटं. त्याला मोकळं आकाशच हवं असतं. उंचावरून पंख मिटून तो खाली सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. बहिरी ससाणा आपल्याकडे हिवाळी पाहुणा आहे, पण त्याचाच भाऊबंद शाहीन ससाणा सह्याद्रीच्या कड्यांवर बारमाही राहतो. पारवे, पाकोळ्या आणि पोपट हे त्याचं खाणं. किल्ल्यावर तटालगत बसून दरीकडे नजर ठेवलीत तर संध्याकाळी रातथाऱ्याकडे परतणारे पोपटांचे थवे दिसतील. ते दरीच्या मधून उंचावरून फारसे जात नाहीत. झाडांच्या शेंड्यांना धरून, खालून, सरळ रेषेत जातात. पोपटाला शिक्र्यापासून वाचायला मोकळी जागा हवी आणि ससाण्यापासून वाचायला झाडी. रोजचा सगळा प्रवास या दोन भीतींच्या मधून होतो.

रात्री पोपट कुठे जातात? घुबडं त्यांना पकडत नाहीत का?

विणीचा काळ सोडला तर पोपट रात्री मोठ्या जमावानं एकाच ठिकाणी झोपतात. शेकडो, कधी हजारो. पुष्कळदा कावळे आणि साळुंक्यांच्या शेजारी. अंधार पडेपर्यंत तिथे जो कल्ला चालतो तो ज्यांच्या घराशेजारी असा रातथारा आहे त्यांना सांगायला नको. घुबडं एखाददुसरा पोपट उचलतात, पण त्यांचा मुख्य आहार उंदीर-घुशी हाच. आणि हजारांच्या जमावात नेमका आपलाच नंबर लागण्याची शक्यता कमी होते. एकत्र झोपण्याचं एक कारण हेच.

ढोलीत तर पिल्लं सुरक्षितच असतात ना?

बऱ्याच अंशी, हो. ढोलीचं तोंड अरुंद असलं की कावळ्याला आत शिरता येत नाही, शिक्र्याला पाय घालता येत नाही, ऊनपाऊस लागत नाही. उघड्या घरट्यांपेक्षा ढोलीतली अंडी-पिल्लं जास्त वाचतात. पण ढोलीला दार एकच असतं. त्या दारातून जर कुणी आत आलं, तर मागच्या बाजूनं पळायला वाट नसते.

आमच्या आजोळी परसात रायवळ आंब्याचं झाड होतं. दोन पुरुष उंचीवर फांदी तुटून ढोली झालेली, आणि दरवर्षी तिथे पोपटाची जोडी. एका वर्षी मार्चमध्ये दुपारी नर जिवाच्या आकांतानं ओरडायला लागला. सगळे बाहेर आलो. खोडाच्या खरबरीत सालीला पोटानं धरत एक लांबलचक धामण वर सरकत होती. घाई अजिबात नाही. नर तिच्या डोक्याच्या हातभर अंतरावरून फेऱ्या मारत होता. मादी कशीबशी बाहेर निसटली आणि तीही ओरडू लागली. धामणीनं डोकं आत घातलं, मग निम्मं अंग. मामा काठी शोधायला धावला तेव्हा आजीनं त्याला अडवलं. "तिला मारलीस तर तुझ्या कणगीतले उंदीर कोण खाणार?" एवढंच म्हणाली. धामण बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर दोन फुगवटे होते. जोडी पुढचे दोन दिवस ढोलीच्या तोंडाशी येऊन आत डोकवायची. तिसऱ्या दिवशी आली नाही.

तेव्हा मला धामणीचा भयंकर राग आला होता. आज नाही. पुढच्या वर्षी जोडी त्याच ढोलीत परत आली आणि पिल्लं उडाली. ती तीच जोडी होती की दुसरी, हे कळायला मार्ग नव्हता, पण ढोली होती म्हणून कुणीतरी आलं. काही वर्षांनी तो आंबा तोडला. त्यानंतर तिथे पोपट आले नाहीत.

अंड्यावर बसलेल्या मादीला धोका जास्त असतो का?

हो, आणि हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आपल्या पोपटांत अंडी उबवायचं काम मुख्यतः मादी करते. साधारण तीन आठवड्यांहून थोडं जास्त ती ढोलीत बसते आणि नर तिला चारा आणून भरवतो. पिल्लं उडायला त्यानंतर सहा-सात आठवडे लागतात. शिकारी ढोलीत शिरला तर अंडी किंवा पिल्लं जातातच, पण मादीही आतच सापडू शकते. पिल्लं गेली तर जोडी पुढच्या वर्षी पुन्हा अंडी घालेल. मादी गेली तर ती सगळी पुढची वर्षं गेली. पोपट दीर्घायुषी पक्षी आहे, त्यामुळे हा तोटा फार मोठा ठरतो. जगातल्या काही पोपटांवर याच कारणानं नामशेष व्हायची वेळ आली. ते पुढे येईल.

बचावासाठी पोपटाकडे काय आहे?

पहिली गोष्ट हिरवा रंग. पिंजऱ्यात तो झगमगतो, म्हणून आपल्याला तो दिखाऊ वाटतो. पानांनी भरलेल्या पिंपळात वीस पोपट बसवा आणि शोधून दाखवा! दुसरी गोष्ट डोळे. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यानं मान न वळवताही पोपटाला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. तिसरी गोष्ट थवा: चाळीस पोपट म्हणजे ऐंशी डोळे. बाकीचे खात असताना एखादा तरी मान वर करून बघतच असतो. थवा एकदम उडाला की शिकाऱ्याला कुठल्या एकावर नजर ठेवायची हे कळेनासं होतं.

चोच शेवटचा उपाय. ती टणक बी फोडते, आणि बोटाला तिचा चावा कसा असतो ते ज्याला बसला तोच जाणे. पण शिकाऱ्याशी लढण्यापेक्षा पळून जाणं पोपटाला केव्हाही परवडतं.

ऑस्ट्रेलियातल्या बजरिगार नावाच्या छोट्या रानटी पोपटांत हे थव्याचं तंत्र पराकोटीला गेलेलं दिसतं. कोरड्या प्रदेशात पाण्याच्या डबक्यावर ते हजारोंनी येतात, आणि ससाणे त्यांची वाटच पाहत असतात. अख्खा थवा एका ढगासारखा वळतो, पुन्हा वळतो, पाण्याला चोच लावतो आणि निघून जातो.

एवढा आरडाओरडा केल्यानं शत्रूला उलट पत्ता लागत नाही का?

नीट ऐकलंत तर कळेल की पोपट सतत ओरडत नाही. उडताना तो थवा एकत्र ठेवण्यासाठी 'क्याक् क्याक्' करतो. खाताना जवळजवळ गप्प असतो. ढोलीजवळ तर फारच सावध. विणीच्या काळात जोडी ढोलीकडे थेट येत नाही, शेजारच्या झाडावर बसते, इकडेतिकडे बघते आणि मग चुपचाप आत जाते. खरा आरडाओरडा शत्रू दिसल्यावर होतो. 'आम्ही तुला पाहिलंय' हा शिकाऱ्यासाठीही निरोपच असतो. लपून येण्यावर ज्याची भिस्त आहे त्याचा डाव एकदा दिसला की फसतो.

साळुंकी पोपटाची शत्रू आहे का?

खाणारी नव्हे, पण घर बळकावणारी आहे. जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या ढोलीसमोर साळुंकी आणि पोपट यांची जुंपलेली हमखास दिसते. पिंगळाही त्याच ढोल्यांवर नजर ठेवून असतो. तांबट आणि सुतार हे पक्षी नवीन ढोल्या कोरतात. पोपट मुख्यतः त्यांच्या जुन्या जागा ताब्यात घेतो, चोचीनं तोंड मोठं करून. सुतारपक्षी कमी झाले की पोपटाची घरंही कमी होतात.

या भांडणात पोपट नेहमीच बिचारा असतो असं मात्र नाही. युरोपात पिंजऱ्यांतून सुटलेले कंठवाले पोपट आता शहराशहरांत स्थिरावले आहेत. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या बागेत त्यांनी एका दुर्मिळ जातीच्या मोठ्या वटवाघळांवर हल्ले करून, काहींना ठार मारून, त्यांच्या ढोल्या घेतल्या. पोपट चुकीच्या जागी नेऊन सोडला की तोही कुणाचा तरी काळ होतो.

घरचं मांजर खरंच एवढं धोकादायक असतं?

असतं. मांजराला भूक असो वा नसो, ते शिकार करतं. ढोलीतून पहिल्यांदा बाहेर पडलेलं पिल्लू धड उडत नाही, एखादा दिवस कुंपणावर, झुडपात, खाली बसतं. तेवढा वेळ मांजराला पुरतो. मांजरानं धरलेलं पिल्लू तुम्ही सोडवलंत आणि जखम दिसली नाही, तरी त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यायलाच हवं. मांजराच्या तोंडातल्या जंतूंमुळे न दिसणारी जखमसुद्धा एक-दोन दिवसांत जीव घेते. एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ मांजर घरात ठेवता आलं तर जरूर ठेवा.

मग शिक्र्याला हाकलावं का? साप दिसला तर मारावा का?

नाही आणि नाही. इथले पोपट आणि इथले शिकारी हजारो वर्षं एकत्र राहत आले आहेत. पोपटाची सावध मान, गप्प खाणं, एकाऐवजी चार-पाच अंडी घालणं, हे सगळं शिकाऱ्यांनीच घडवलंय. काही पिल्लं जाणार हे त्या हिशेबात धरलेलंच आहे. शिवाय शिक्रा, ससाणे, घुबडं, धामण, घोरपड या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

गणित बिघडतं ते तीन ठिकाणी: ढोली राहत नाही तेव्हा, माणूस पिल्लं उचलतो तेव्हा, आणि पोपटानं कधी न पाहिलेला शिकारी त्याच्या प्रदेशात आणून सोडला जातो तेव्हा.

न पाहिलेला शिकारी म्हणजे काय? एखादं उदाहरण सांगाल?

न्यूझीलंडचा काकापो. याच्याइतकं चटका लावणारं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

काकापो हा जगातला सर्वांत वजनदार पोपट. नर चार किलोपर्यंत भरतो. त्याला उडता येत नाही, तो निशाचर आहे आणि शेवाळी हिरव्या रंगाचा. त्याच्या बेटांवर वटवाघळं सोडली तर जमिनीवर सस्तन प्राणीच नव्हते. शत्रू होते ते पक्षी: प्रचंड मोठा हास्टचा गरुड, भोवत्या जातीचे शिकारी पक्षी, सगळे नजरेनं शिकार करणारे. म्हणून काकापोनं बचावाचा एकच उपाय पक्का केला, तो म्हणजे धोका दिसला की जागच्या जागी गोठून जायचं. शेवाळात शेवाळ. गरुडाला तो दिसायचाच नाही.

मग माओरी लोकांबरोबर उंदीर आणि कुत्रे आले. युरोपियनांबरोबर मोठे उंदीर आणि मांजरं आली. सशांचा उपद्रव वाढला म्हणून १८८०च्या दशकात स्टोट नावाचा, मुंगसासारखा लांबट, चपळ प्राणी मुद्दाम आणून सोडला. हे सगळे वासानं शिकार करतात, आणि काकापोच्या अंगाला तर गोडसर, दरवळणारा वास असतो. गोठून बसलेला पोपट त्यांना नुसता वाढून ठेवलेला. भर म्हणजे काकापोची मादी एकटी पिल्लं वाढवते. रात्री ती चारा शोधायला जाते तेव्हा घरटं उघडं.

रिचर्ड हेन्री नावाच्या माणसाला हे फार लवकर कळलं होतं. १८९४ पासून रेझोल्यूशन बेटावर राहून त्यानं शेकडो काकापो मुख्य भूमीवरून तिकडे हलवले. १९००च्या सुमारास त्याला बेटावर स्टोट दिसला. पोहून आलेला. सहा-सात वर्षांची मेहनत तिथेच संपली.

१९७०च्या दशकात न्यूझीलंडच्या फिओर्डलंड भागातल्या दऱ्यांत काही काकापो सापडले. सगळे नर निघाले. १९७७ मध्ये स्ट्युअर्ट बेटावर आणखी सापडले, पण तिथे मांजरं त्यांना भराभर मारत होती. शेवटी उरलेला एकेक पक्षी पकडून शिकारी नसलेल्या छोट्या बेटांवर नेला. १९९५ मध्ये जगात ५१ काकापो उरले होते. आज प्रत्येकाला नाव आहे, प्रत्येकाच्या पाठीवर ट्रान्समीटर आहे. २०२२ मध्ये संख्या २५०च्या वर गेली.

असं आणखी कुठे झालंय?

न्यूझीलंडमध्येच 'काका' नावाचा उडता पोपट आहे. त्याची मादी ढोलीत अंडी उबवत असताना स्टोट आत शिरतो आणि तिलाच मारतो. त्यामुळे काही जंगलांत नर पुष्कळ आणि माद्या मोजक्या अशी अवस्था झाली. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर 'स्विफ्ट' पोपटाच्या बाबतीत हेच काम शुगर ग्लायडर करतो. एवढासा, गोंडस दिसणारा प्राणी, बेटावर बाहेरून आलेला, आणि ढोलीत बसलेल्या माद्या खातो. जंगलतोड झालेल्या भागात त्याचा त्रास जास्त होतो.

मॉरिशसचं उदाहरण आपल्याला जवळचं. तिथे पिढ्यानुपिढ्या मराठी घरं आहेत, आणि तिथला 'इको' पोपट आपल्या कंठवाल्याचा जवळचा नातेवाईक, दिसायलाही बराचसा तसाच. जंगल तुटलं, बाहेरून आलेले उंदीर आणि माकडं अंडी-पिल्लं खाऊ लागली, आणि तिथे नेऊन सोडलेला आपला कंठवाला पोपट उरलेल्या जागांसाठी भांडू लागला. १९८०च्या दशकात रानात वीसही इको पोपट उरले नव्हते. लाकडी घरटी, उंदरांचा बंदोबस्त, जादा खाऊ आणि हातानं वाढवलेली पिल्लं सोडणं, असं वर्षानुवर्षं केल्यावर त्यांची संख्या सातशेच्या पुढे गेली आणि २०१९ मध्ये त्यांची धोक्याची श्रेणी कमी झाली.

सगळ्यांत मोठा शिकारी माणूसच का?

माझं उत्तर हो असंच आहे. घरचं मांजर सोडलं, तर इथला बाकीचा प्रत्येक शिकारी पोट भरलं की थांबतो.

पोपट पकडण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात शुकनलिकेचा दृष्टांत आहे. दोरीत ओवलेल्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या भारानं नळी फिरते, तो उलटा होतो आणि पडण्याच्या भीतीनं नळी आणखी घट्ट धरतो. पाय सोडले असते तर उडून गेला असता. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी श्रोत्यांना हा सापळा समजावून सांगावा लागत नव्हता, इतका तो माहितीचा होता.

आज मुख्य चोरी ढोलीतून होते. जानेवारी ते मे या काळात पिसं न फुटलेली पिल्लं काढतात. हात आत जात नसेल तर ढोली फोडतात, नाहीतर फांदीच कापतात. म्हणजे त्या वर्षीची पिल्लं गेली आणि पुढच्या सगळ्या वर्षांचं घरही गेलं. धामणीनं ढोली कधी फोडली नाही. टोपल्यांत, पिशव्यांत कोंबलेली कितीतरी पिल्लं बाजारात पोचण्याआधीच मरतात. करण पोपटाला मागणी सर्वांत जास्त, आणि आज तो 'संकटसमीप', म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावरचा, गणला जातो.

अमेरिकेतल्या कॅरोलिना पोपटाची गोष्ट यापुढची आहे. थव्यातला एक पडला की बाकीचे पळून न जाता त्याच्याभोवती घिरट्या घालायचे. ससाण्यापुढे ही सवय खपून गेली असती, बंदुकीपुढे अख्खा थवा संपायचा. पिंजऱ्यातला शेवटचा पक्षी १९१८ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

पोपट पाळणं गुन्हा आहे का?

भारतीय जातीचा कुठलाही पोपट पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. 'पिंजऱ्यातच जन्मलाय' ही सबब चालत नाही. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विकणारा दिसला तर 'दया येऊन' विकत घेऊन सोडू नका. तुमच्या पैशांतून पुढच्या ढोलीची चोरी होते. महाराष्ट्र वनविभागाचा मोफत क्रमांक १९२६ आहे, तिथे कळवा.

आमच्याकडे बरीच वर्षं पाळलेला पोपट आहे. त्याला रानात सोडून देऊ का?

दार उघडून सोडून देऊ नका, कृपा करून. मन हलकं होईल, पण पोपट बहुधा दोन-चार दिवसांत मरेल. पिंजऱ्यातल्या पोपटाला उडण्याची ताकद नसते, खाणं शोधता येत नाही, आणि मुख्य म्हणजे शिक्रा काय असतो हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. माणूस दिसला की तो खाली येतो. मांजराकडेही कुतूहलानं बघतो.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या डोंगरांत १९८६ पासून जाड चोचीचे पोपट सोडण्याचा प्रयत्न झाला. त्यात रानातून पकडलेले, तस्करांकडून जप्त केलेले पक्षी होते आणि पिंजऱ्यात वाढलेलेही. पिंजऱ्यात वाढलेल्यांना थव्यात राहताच येईना. एकटेदुकटे पडले आणि शिकारी पक्ष्यांनी उचलले. तो प्रयत्न फसला. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर १९७५ मध्ये रानात तिथल्या 'ॲमेझॉन' जातीचे फक्त १३ पोपट उरले होते. तिथे सोडण्याआधी पक्ष्यांना बंदिवासातच शिकारी पक्ष्याची ओळख करून दिली, भीती शिकवली, आणि मगच सोडलं. भीती हे रानात जगायचं पहिलं शिक्षण आहे आणि पिंजऱ्यात ते मिळत नाही.

तुमचा पोपट वनविभागाकडे किंवा त्यांच्या मान्यतेच्या उपचार केंद्राकडे सोपवा. सोडण्याजोगा असेल तर ते तयारी करून सोडतील.

शहरात तर पोपट वाढलेलेच दिसतात. मग काळजी कशाची?

कंठवाला पोपट जिद्दीचा आहे. जुन्या वाड्याच्या भिंतीतलं भोक, पुलाखालची फट, वाळलेला माड, काहीही त्याला चालतं. लंडनसारख्या थंड शहरातही त्याचे हजारो भाऊबंद मजेत आहेत. तिथले बहिरी ससाणेही त्यांना खायला शिकलेत. पण शहरात दिसणारे हे बहुतेक सगळे एकाच जातीचे असतात. टोई पोपटाला रान लागतं. करण पोपटाला मोठी ढोली लागते, म्हणजे मोठं, जुनं झाड लागतं. रस्ता रुंद करताना शंभर वर्षांचे वड-आंबे जातात आणि बदल्यात दहापट रोपं लावली असं जाहीर होतं. त्या रोपांत ढोली व्हायला निदान दोन पिढ्या लागतील. तोवर पोपटानं अंडी कुठे घालायची?

आमच्या आवारात आम्ही काय करू शकतो?

वाळलेलं झाड किंवा फांदी कुणाच्या अंगावर पडायचा धोका नसेल तर राहू द्या. छाटणी करायचीच असेल तर पावसाळा संपल्यावर, डिसेंबरच्या आत उरका. ढोलीत कुणी राहतंय का हे आधी खालून अर्धा तास बसून बघा, कारण ढोलीतली मादी हालचाल करत नाही आणि छाटणीवाल्याला ती दिसत नाही. ढोलीपाशी वरचेवर जाऊ नका, शिडी लावून फोटो तर मुळीच काढू नका. तुमच्या मागोमाग कावळा येतो.

लाकडी घरटं लावणार असाल तर ते खोल असू द्या. पोर्तो रिकोत घरटी खोल केल्यावर अंडी फोडणाऱ्या दुसऱ्या पक्ष्यानं ती घ्यायची सोडून दिली. आणि संक्रांतीला नायलॉनचा मांजा नको. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी जानेवारीत झाडांना तो लोंबताना दिसतो, नेमका पोपट ढोली शोधत फिरत असतो तेव्हा. सण झाला की सोसायटीतल्या पोरांना घेऊन तो गोळा करा. आमच्याकडे एका सकाळी बादलीभर निघाला होता.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर?

अंगभर पिसं असतील, फडफडत असेल, तर ते उडायला शिकतंय. मांजर-कुत्रं दूर ठेवा, पिल्लू जवळच्या झुडपावर किंवा उंच टांगलेल्या टोपलीत ठेवा आणि लांब जाऊन बसा. आई-बाप बहुधा जवळच असतात. माणसाचा हात लागला म्हणून ते पिल्लाला टाकत नाहीत.

पिसं नसतील आणि ढोली सापडली, हात पोचत असेल, तर परत आत ठेवा. नाहीच जमलं तर खोक्यात मऊ कापड घालून, झाकण अर्धवट लावून, उबेला ठेवा आणि १९२६ ला फोन करा. दूध देऊ नका, चोचीत पाणी ओतू नका, कारण ते श्वासनळीत जातं. वाट पाहताना खोकं घरातल्या सगळ्यांत शांत खोलीत ठेवा आणि पोरांना सारखं सारखं झाकण उघडू देऊ नका.